मांजरपाटावरचा उमेदवार

विधानसभेचा निकाल लागून गेल्यावर एका कामासाठी मी रिसोडला गेलो होतो. रस्त्यालगतच्या रिकाम्या प्लॉटवर उमेदवारांचे फ्लेक्स जाळले जात होते. फ्लेक्स कागदासारखा जळत नाही. आधी आक्रसतो, मग वितळतो आणि त्याचा काळा धूर वर न जाता जमिनीलगत सरकत राहतो. जिंकलेल्याचे आणि पडलेल्यांचे चेहरे एकाच ढिगात होते. शेजारच्या भिंतीवरचे पोस्टर एक शेळी ओढून खात होती. ते पिठाच्या खळीने चिकटवलेले होते. समोरच्या गाडीवर मी मिरचीभजी घेतली, ती एका उमेदवाराच्या वचननाम्यात बांधून मिळाली. गाडीखाली तशाच पत्रकांचे गठ्ठे रचलेले होते. त्यांची सुतळीही सुटलेली नव्हती.

"वाटालेच नेले नाई कोनी," गाडीवाला म्हणाला. "छापले, आनले, टाकून देल्ले. मी फोटोची बाजू खाली ठेवतो. नाई तं भज्याले शाई लागते."

मी वाशिमला एका दैनिकाच्या कार्यालयात काम करतो. जे पाहिले ते लिहून दिले. त्या दिवशी पानावर जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मजकूर शिळा झाला होता.

त्यानंतरची निवडणूक पंचायत समितीची. तिच्या आधी इच्छुक उमेदवारांची एक बैठक झाली. फ्लेक्स टाळा, कापड वापरा, पत्रके मोजकी छापा, असे तिथे सांगण्यात आले. आवाहन होते, सक्ती नव्हती. बैठकीची बातमी मीच केली. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात एक परिच्छेद आला. तो परिच्छेद दोन माणसांनी मनावर घेतला, हे मला नंतर कळले. त्यांतली एक माझी मोठी बहीण होती.

ताई कामरगावच्या पुढे एका लहान गावात राहते. बसने कामरगावला उतरायचे आणि तिथून जीप धरायची. गावाचे दोन भाग आहेत. वरच्या आळीत जमीनवाल्या शेतकऱ्यांची घरे, खालच्या आळीत आमची, म्हणजे बौद्धांची. विहाराला लागून एक खोली आहे. तिच्यात ताईच्या बचत गटाच्या शिलाई मशीन आहेत. दोन्ही आळ्यांत बोलचाल आहे. मजुरीला जाणेयेणे आहे, एका जीपमध्ये बसणे आहे, शाळा एकच आहे. पण वरच्या आळीतला कपडा शिवायला कारंजाला जातो. का जातो, हे कोणी बोलून दाखवत नाही. विचारले तर तिथला टेलर जुना ओळखीचा आहे, असे उत्तर मिळते. ते खोटेही नसते.

खालच्या आळीच्या परकर-पोलक्यांवर गट चालत नव्हता. बायका निंदणाला जायच्या आणि उरलेल्या वेळात शिवायच्या. ताईचे म्हणणे एवढेच होते की वरच्या आळीतून एक काम यावे. एक नीट करून दिले की दुसरे येईल. नाही आले तर बायका एकेक करून सुटतील आणि मशीन झाकून ठेवाव्या लागतील. हे ती मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगायची, आणि बातमी वाचल्यापासून कापडी बॅनरचे काम मिळेल का, हेही विचारायची. मी ऐकून घ्यायचो. वाशिमला बसून मला दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

बातमी मनावर घेणारा दुसरा माणूस वरच्या आळीतला होता. खतबियाण्यांचे दुकान चालवणारा, पस्तिशीतला. पक्षाकडे तिकीट मागितले होते, ते मिळाले नाही म्हणून अपक्ष उभा राहिलेला. गावात सगळे त्याला भाऊ म्हणत. दुकानामागे साचलेला रिकाम्या प्लास्टिक पोत्यांचा ढीग रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे असेल, पण फ्लेक्स न लावण्याची गोष्ट त्याला मनापासून पटली होती. एका रविवारी मी ताईकडे असताना तो विहाराच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

"या नं भाऊ, आत या," ताई म्हणाली.

"नाई, इथीच बरं हाय." मग त्याने मला पाहिले, चप्पल काढली आणि आत आला. ताईने दिलेले पाणी प्याला. मी ते पाहिले, ताईनेही पाहिले.

"ताई, मले कापडाचे बॅनर पाह्यजेत," तो म्हणाला. "फ्लेक्स लावतच नाई मी यंदा. शिवून, छापून सारं तुमीच द्या."

"छापाचं आमाले कुठी येते?"

"थैल्यावर जाळीनं छापतात नं कारंजाले, तसंच. माह्या फोटोची जाळी मी करून आनतो. तुमी फक्त शाई वढाची."

ताईची जाऊ मशीनवर होती. ती मान वर न करता म्हणाली, "तोंड हसरं ठेवजा भाऊ. एकदा जाळीत बसलं की मंग बदलत नाई."

तो हसला. "आता हसलो तसं चालन का?"

"इतकं नोका हसू. लोकाइले वाटन, निवडूनच आला."

कापड कोणत्या रंगाचे घ्यायचे, असे ताईने विचारले. त्याने विचार केलेला होता. "रंगाचं नोको. रंग देखला की लोक इचारतात, कोनाचा हायेस? पांढरं घ्या. पांढरं कोनाचंच नाई."

त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही. मलाही नाही.

प्रत्येक घरी भाकरी बांधायचे एकेक फडके द्यावे आणि आवाहन त्याच्यावरच छापावे, अशीही त्याची कल्पना होती. पत्रक फेकले जाते, फडके वर्षभर वापरात राहते. मी सांगितले की आचारसंहितेत ते वस्तुवाटप धरले जाईल. त्याने ती कल्पना लगेच सोडली. मग घरटी एकच पत्र ठरले. एका कागदाचे, पाकिटाशिवाय, घडी घालून हातात द्यायचे. पत्रे घरोघर नेऊन देण्याचे कामही गटाकडे आले. ताईला बॅनरपेक्षा याचा आनंद जास्त झाला. बायका वरच्या आळीत दारोदार जाणार होत्या, आणि मजुरी मागायला नाही.

मांजरपाट कारंजाहून आले. जाड, कोरे, बिनधुतलेले कापड. खळ निघेपर्यंत ते भिजवले, पिळले आणि विहाराच्या अंगणात तारांवर वाळत घातले. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरी पांढरे कपडे घालतात. विहारात जायचे तर बायका पांढरे लुगडे नेसतात. पौर्णिमेला सगळी आळी पांढरी दिसते. अंगणभर ते कापड हलत होते तेव्हा शेजारची एक म्हातारी फाटकातून डोकावून विचारून गेली, "लग्न कोनाचं हाय वं?"

शाई पाण्यात मिसळणारी होती आणि एकाच रंगाची, काळी. जाळी कापडावर ठेवायची, शाई ओतायची आणि रबरी पट्टीने एका दमात ओढायची. हात थांबला की नाकावर डाग पडतो. पहिले काही तुकडे वाया गेले. मग बायकांचा हात बसला. निवडणुकीच्या छापील साहित्यावर छापणाऱ्याचे नाव लागते, हे मी सांगून ठेवले होते. त्यामुळे प्रत्येक बॅनरच्या खालच्या कडेला गटाचे आणि गावाचे नाव आले. बायकांना फोटोपेक्षा ती ओळ मोठी वाटत होती. गटाचे नाव याआधी कुठे छापून आले नव्हते. जावेने ओळीवरून बोट फिरवले. शाई ओली होती, बोट काळे झाले.

"हे पाहा, मत देऊन आली हे तं," कोणी तरी म्हणाले.

लोखंडी चौकटी नकोत, असे भाऊनेच ठरवले. त्याच्या शेतात बांबू होता. तो तोडून, चिरून चौकटी केल्या. पहिला बॅनर त्याच्या घरासमोर लावून पाहायचा होता. आदल्या दिवशी मी ताईकडे मुक्कामाला होतो, म्हणून त्या सकाळी मी वरच्या आळीच्या चौकात हजर होतो.

चौकातल्या ओट्यासमोर बांबूची चौकट जमिनीवर आडवी ठेवली होती. भाऊच्या मित्रांनी तिच्यावर मांजरपाट ताणून सुतळीने बांधले. बॅनर मोठा होता. तो घरापर्यंत न्यायचा तर उभा धरून नेता येत नव्हता, वारा होता. म्हणून चौघांनी चार कोपरे खांद्यावर घेतले आणि ते घराकडे चालू लागले. एक जण पुढे, वाट मोकळी करत.

भाऊची आई सडा टाकायला बाहेर आली होती. तिने पाहिले. बांबू, पांढरे मांजरपाट, त्याच्यावर काळ्या शाईत आपल्या मुलाचे तोंड, आणि हे सगळे चार माणसांच्या खांद्यावर, आपल्या दाराकडे येणारे. तिने हातातली बादली नीट खाली ठेवली आणि मग ओरडली.

"ठेवा खाली! ठेवा म्हन्ते नं! कोनाले घेऊन येऊन राह्यले रे माह्या दारात?"

चौघे जागच्या जागी थांबले. खाली ठेवावे की नाही, हे त्यांना कळेना. भाऊ तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

"माय, बॅनर हाय थे."

"बॅनर हाय? कफन हाय थे! मांजरपाट ओयखत नाई का मी? तुह्या बापाले याच कापडात नेलं नं माह्या डोयासमोर."

चौघांतला एक समजुतीने म्हणाला, "काकू, जित्या मानसाची मयत निंघाली तं आयुष्य वाढते म्हनतात."

"तं तुह्या पोराची काढ!"

कोणी तरी हसले आणि लगेच गप्प झाले. म्हातारी मुलाचा हात धरून त्याला आत घेऊन गेली. मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढल्याचा ठसका बाहेरपर्यंत आला. बॅनर रस्त्यावर उताणा पडला होता. तोवर चौकातले मोबाइल वर झाले होते. एका माणसाने वाकून खालची ओळ मोठ्याने वाचली. गटाचे नाव, गावाचे नाव.

"असं होय," तो म्हणाला.

त्या 'असं होय'मध्ये काय होते, ते मला लिहून दाखवता येणार नाही. बातमीत ते बसले नसते. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला मात्र ते कळले होते.

मी खाली येऊन ताईला सांगितले. ती कापडाची कड दुमडून शिवत होती. सांगून होईपर्यंत तिने मशीन थांबवली नाही.

"मांजरपाट मयतीले लागते, हे आमाले का माईत नाई?" ती म्हणाली. "पन लग्नालेबी पांढरंच लागते आमच्यात. कापडाले का माईत, थे कुठी चाल्लं?"

दुपारी भाऊ आला. या वेळी तो फाटकाशी थांबला नाही, सरळ आत येऊन बसला. तो रागात नव्हता. असता तर बरे झाले असते, असे मला वाटले.

"ताई, तुमची काई चूक नाई. पांढरं घ्या, असं मीच म्हनलो होतो."

"मंग थे चौकात सांगा नं भाऊ."

त्याने खाली पडलेला दोरा उचलून बोटाला गुंडाळला.

"एवढंच सांगा," ताई म्हणाली. "रंग म्या सांगतला, बांबू माह्या वावरातला, बायाइनं सांगतलं तसं केलं. बाकी काई नोका बोलू."

"माय जेवली नाई सकायपासून," तो म्हणाला.

ताईने पुन्हा विचारले नाही. मग तोच म्हणाला, "रंगवता येईन का? छापलं थे राहू द्या, फक्त पांढरं दिसलं नाई पाह्यजे."

"कोन्या रंगात?" जावेने विचारले.

"तुमीच सांगा."

"गेरूत बुडवू?"

"गेरू धुतला की भगवा दिसते. मले तिकीट नाई देल्लं त्याइनं, अन मी त्याइचाच रंग लावू?"

"हयद?"

"पिवये झेंडे परवाच मोर्च्यात होते. मले त्यात नाई पडाचं."

"हिरवा म्हनू का?" जाऊ म्हणाली आणि स्वतःच नकारार्थी मान हलवली.

"काया?" तिनेच विचारले.

"काया निषेधाले लावतात वं," ताई म्हणाली.

"मंग नीळ हाय घरात. फुकट होईन."

भाऊ हसला. "निळा लावला तं वरच्या आयीतले लोक मत देतीन का मले?"

बोलून झाल्यावर आपण कोणाच्या खोलीत बसलो आहोत, हे त्याच्या लक्षात आले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याला निळ्या कापडाची कड होती. "म्हंजे तसं नाई, ताई," तो म्हणाला.

"समजलं भाऊ," जाऊ म्हणाली. "चहा ठेवू का?"

त्याने चहा घेतला नाही. मी तिथेच बसलो होतो. मला एकही रंग सुचला नाही. अजूनही सुचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो तर फोटो माझ्याआधी पोहोचला होता. विरोधकांच्या माणसांनी त्याच्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून तो मोबाइलवर फिरवला होता. आमच्या एका वार्ताहराने मूळ फोटो पाठवला होता, चौघांच्या खांद्यावरचा. सगळे पाहत होते, हसत होते. फोटो चांगला होता, हे मलाही नाकारता येत नव्हते. प्रचाराच्या धामधुमीत असा हलका मजकूर पानाला लागतोच.

मी संपादकांना सांगितले की तो गट माझ्या बहिणीचा आहे.

"मग या बातमीला तुम्ही हात लावायचा नाही," ते म्हणाले.

हा आमच्या कार्यालयाचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. दुसऱ्या कोणाची बहीण असती तर मीही हेच म्हणालो असतो. मी एवढीच विनंती केली की फोटोतली खालची ओळ कापावी. ते म्हणाले, बातमीत नाव येणार नाही, पण फोटो कापला तर बांबू जातो आणि बांबू गेला तर फोटोत काही राहत नाही. हेही बरोबर होते. रंग उमेदवारानेच सांगितला होता, हे बातमीत यावे, असेही मी म्हटले. त्याला फोन केला गेला. त्याने त्या विषयावर काही बोलायचे नाही, असे सांगितले. त्यामुळे ते आले नाही.

बैठकीची बातमी कोपऱ्यात एक परिच्छेद आली होती. हा फोटो पानाच्या माथ्यावर आला. मजकुरात पर्यावरणपूरक प्रचार, कापडी बॅनर, सगळे नीट लिहिलेले होते. एकही चूक नव्हती. खालची ओळ बारीक होती, पण वाचता येत होती. पुढच्या वेळी कामरगावच्या बसमध्ये एका माणसाला मी तो अंक डोळ्यांजवळ नेऊन वाचताना पाहिले.

त्याच आठवड्यात गावात फ्लेक्स आले. चौकात, शाळेसमोर, जीपच्या थांब्यावर, विजेच्या खांबांवर. पाठीमागे निळे आकाश, हिरवे शेत, भाऊ हात जोडून उभा आणि वरच्या कडेला गोलात त्याचे वडील. पत्रे छापून, घडी घालून तयार होती. निरोप आला की बायकांनी घरोघर जाऊ नये, त्या दारात आल्या की माय घाबरते. मग पत्रांच्या जागी गुळगुळीत रंगीत पत्रके आली आणि जीपमधून मुठीमुठीने उधळली गेली. नालीत ती कुजत नाहीत, चिकटून बसतात. कामाचे पैसे भाऊने ताईला चुकते केले. त्याबद्दल तक्रार नव्हती.

तो निवडून आला. कापड वेळेवर उतरवले म्हणून आला, असे त्याच्या आईने ठरवले आणि वरच्या आळीने ते मान्य केले. मग अभिनंदनाचे फ्लेक्स लागले. जुन्यांवरच नवे बांधले. वाऱ्याने ते फाटले आणि त्यांच्या पट्ट्या तारांवर लटकत राहिल्या. एका पट्टीवर नुसते जोडलेले हात होते, ते बरेच दिवस होते.

छापलेले मांजरपाट खोलीत पडून होते. जावेने एक तुकडा सोडा घालून उकळून पाहिला. शाई पाण्यात मिसळणारी होती, पण एकदा वाळल्यावर ती निघत नव्हती. तोंड काळ्याचे राखाडी झाले, गेले नाही. गोधडीत घालू या, असे कोणी सुचवले.

"अन रात्री डोक्यावर घेऊन झोपू?" जाऊ म्हणाली. "घरचा मानूस इचारन नं, हा कोन हाय म्हनून."

सगळ्या हसल्या. ताईही हसली. गोधडी झाली नाही.

वरच्या आळीतून काम आले नाही. खालच्या आळीतलेही कमी झाले. का, ते कोणी सांगितले नाही. एक बाई मुलाकडे पुण्याला गेली. दोघी सोयाबीन सोंगायच्या टोळीत गेल्या, त्या परत मशीनवर बसल्या नाहीत. मी एक-दोन शाळांत गणवेशासाठी शब्द टाकून पाहिला. कामे आधीच दिलेली होती. चालू नसलेल्या मशीन ताईने झाकून ठेवल्या. झाकायला तेच मांजरपाट घेतले, तोंडाची बाजू आत करून.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मी तिच्याकडे होतो. ती आणि जाऊ दोघीच खोलीत होत्या. फाटकाशी वरच्या आळीतला एक वयस्कर माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला रुमाल नव्हता, पायात चप्पल नव्हती.

"ताई हायेत का?"

ताई दारात गेली. "या नं काका, आत या."

"आत नाई येत मी. मोठा भाऊ गेला माहा, आत्ता. इथल्या दुकानात मांजरपाट नाई. कारंजाले मानूस धाडला तं लय उशीर होईन. तुमच्याकडं उरलं हाय म्हने. दुकानवाल्या भाऊच्या मायनं सांगतलं, त्या बायाइकडं जा."

ताई आत आली. पेटी उघडली. छापलेले कापड वर होते, ते बाजूला केले. तळाशी न छापलेला तागा होता. तिने तो हातावर मोजला, काठाला कात्रीने चीर दिली आणि दोन्ही हातांनी फाडला. मांजरपाट सरळ फाटते. उजेडात धरून तिने फाडलेला तुकडा दोन्ही बाजूंनी पाहिला, कुठे शाईचा ठिपका लागलेला नाही ना म्हणून. मग घडी घालून नेऊन दिला.

त्या माणसाने खिशात हात घातला.

"याचे घेत नसतात काका," ती म्हणाली. "जा तुमी, लोक वाट पाहत असतीन."

तो गेला. वरच्या आळीच्या चढावर तो दिसेनासा होईपर्यंत ती फाटकाशी उभी होती. काखेतले कापड दुरूनही दिसत होते.

"आलं वं तुहं काम वरून," जाऊ म्हणाली.

ताईने उरलेला तागा मोजला आणि पेटीत तळाशी न ठेवता सगळ्यांत वर ठेवला. वर का, असे मी विचारले.

"पुन्हा कोनी आलं तं हुडकत बसा लागते बाबू," ती म्हणाली आणि पेटीची कडी लावली.